काका, आधी काय बदलू?

'मुलाला स्टंट स्कूटर घेतली, आता चाकं बदलू की हँडल?' हा प्रश्न मला लिफ्टमध्ये येतो, वाण्याच्या दुकानात येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत आला. मुलं विचारतात तेव्हा तो 'काका, आधी काय बदलू?' असा असतो आणि त्यांचा रंग आधीच ठरलेला असतो. मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये काम करतो आणि माझी लेक चार वर्षं कोथरूडच्या आमच्या बेसमेंटमध्ये ही स्कूटर उडवतेय, एवढीच माझी पात्रता. (स्टंट स्कूटर म्हणजे पायानं ढकलत पळवायची आणि उड्या मारायची दोन चाकांची फळी. वडिलांच्या लेखी स्कूटर म्हणजे आकुर्डीची चेतक. नातीच्या या वाहनाला ते 'पायगाडं' म्हणतात.)

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आधी बदलू नका, आवळा.

नवी स्कूटर महिनाभरात खडखडायला लागते आणि घरच्यांना वाटतं, माल हलका निघाला. बहुतेक वेळा हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगची जोडी, ढिला झालेला असतो. पुढचं चाक भिंतीला टेकवा, क्लॅम्पच्या (हँडल आवळून धरणाऱ्या पट्ट्याच्या) खालच्या रिंगांवर बोटं ठेवा आणि हँडल मागेपुढे हलवून बघा. बोटांना टकटक लागली की काम निघालं. क्लॅम्पचे बोल्ट सैल करायचे, मग हेडसेट दाबून धरणारा कॉम्प्रेशन बोल्ट आवळायचा, हँडल चाकाच्या रेषेत आणायचं आणि शेवटी क्लॅम्प घट्ट करायचा. क्लॅम्प सैल न करता कॉम्प्रेशन बोल्ट कितीही पिळलात तरी खडखड जात नाही, कारण क्लॅम्पनं सगळं जागच्या जागी धरून ठेवलेलं असतं. हँडल मात्र अडखळता कामा नये. अडखळलं तर जास्त आवळलंय, पाव फेरा मागे या. एवढ्यासाठी ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) एक सेट घरात असू द्या. माझ्या मते पहिला अपग्रेड तोच. हेल्मेट मी अपग्रेडमध्ये धरत नाही, ते स्कूटरच्या आधी घरात यायला हवं.

त्यानंतर ग्रिप. सगळ्यांत स्वस्त आणि हाताला लगेच कळणारा बदल. स्वस्त स्कूटरवरचं रबर कडक असतं, एप्रिल-मे महिन्यात घामानं हात सटकतो. नवी ग्रिप चढवताना साबण किंवा तेल लावू नका, मग ती कायमची गोल फिरत राहते. आतून थोडं सर्जिकल स्पिरिट फिरवा आणि झटक्यात ढकला. स्पिरिट उडून जातं, ग्रिप पकडून बसते. टोकाची बुचं मात्र परत बसवाच. उघड्या नळीच्या टोकावर पोट आदळलं तर काय होईल, हे मला सविस्तर लिहायचं नाही.

आता चाकं. इथं पुण्याचे रस्ते बोलतात. बेसमेंटच्या ट्रिमिक्सवर, म्हणजे सपाट काँक्रीटच्या फरशीवर, १०० मिलिमीटरचं प्लॅस्टिक कोअरचं (मधल्या भागाचं) चाकही बरं पळतं. वर पेव्हर ब्लॉकवर आलात की प्रत्येक सांध्यात ते ठेच खातं. ११० मिलिमीटरचं, ॲल्युमिनियम कोअरचं चाक सांधा सहज ओलांडतं. शिवाय उडी मारून उतरताना प्लॅस्टिकचा कोअर वाकतो आणि वेग खातो, धातूचा तसा वाकत नाही. फक्त घेण्याआधी तुमच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) आणि मागे ब्रेकखाली ११० मावतंय का, ते पट्टी लावून बघा. आणि जुनी चाकं झिजल्याशिवाय ही खरेदी करू नका. ब्रेकमुळे मागचं चाक आधी झिजतं, म्हणून पुढचं मागे आणि मागचं पुढे अशी अदलाबदल केलीत तर आणखी काही महिने निघतात.

बेअरिंगवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथं लोक उगाच पैसे घालवतात. स्कूटरच्या चाकात ६०८ नंबरचं बेअरिंग असतं: आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिलिमीटर. रोलर स्केटमध्येही हेच. 'एबेक ९ घेतलं, आता स्कूटर उडेल' असं पोरं सांगतात. एबेकच्या आकड्यातून कळतं ते एवढंच, की बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय. उडीचा धक्का आणि आडवा दाब ते किती सोसेल, याचं उत्तर त्या आकड्यात नाही, आणि स्टंटमध्ये त्याचीच गरज असते. साधं, झाकणबंद ६०८ घ्या आणि पावसाळ्यात चिखलात नेऊ नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाकातल्या दोन बेअरिंगच्या मधली छोटी नळी, स्पेसर. ती नसेल तर ॲक्सल आवळताच दोन्ही बेअरिंग आतल्या बाजूला दाबली जातात, चाक जड फिरतं आणि दोष बेअरिंगला लागतो. आमच्या शेजारच्या मुलाची 'खराब बेअरिंग' चार वेळा बदलली गेली. पाचव्या वेळी मी चाक उघडलं तर आत स्पेसरच नव्हता.

हँडल, म्हणजे बार, हा विषय मी टाळत होतो. कामावर माझ्या खिशात व्हर्नियर असतो आणि मी पोरांना दशांश मिलिमीटरवरून झापतो. घरी मात्र लेकीच्या वाढदिवसाला फोटो बघून बार मागवला. तिच्या स्कूटरला ३१.८ मिलिमीटरचा साधा बार लागत होता, आला तो ३४.९ चा ओव्हरसाइज. क्लॅम्पमध्ये शिरेना. वरून कळलं की कॉम्प्रेशनचीही पद्धत बघावी लागते: एससीएसला बारच्या तळाशी चीर नको असते, एचआयसीला लागते. म्हणजे बार मागवताना बाहेरचा व्यास, चीर आणि कॉम्प्रेशनची पद्धत, तिन्ही कागदावर लिहून मगच पैसे भरा. पोरगी माझ्याकडे जशी बघत होती, तसं भोसरीत वीस वर्षांत मला कोणी बघितलेलं नाही.

बार उंच वाटत असेल तर नवा घेण्याआधी जुना कापता येतो. डेकवर, म्हणजे पायाखालच्या फळीवर, उभं राहिल्यावर बार साधारण कमरेपर्यंत आला की पुरे. पण मूल वाढणार आहे, तेव्हा एकदम दोन इंच कापू नका. एक्सा ब्लेडनं तळाकडून सरळ काप, धार फायलीनं घासायची, आणि तुमच्या पद्धतीला चीर लागत असेल तर ती पुन्हा पाडायची. हे जमत नसेल तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, तो दहा मिनिटांत करून देईल. मात्र समोर उभे राहा.

फोर्क, डेक, पेग यांना पहिल्या वर्षी हात लावू नका. पेग म्हणजे चाकाच्या ॲक्सलला लावायचे दांडे, कठड्यावरून घसरत जाण्यासाठी, म्हणजे ग्राइंडसाठी. ते शिकण्याआधी ते फक्त घोटा सोलतात. स्कूटर घडीची असेल, तर त्यावर एक रुपयाही घालू नका. घडीचा सांधा उड्यांसाठी नसतोच, तो सायकलच्या ट्रॅकवर आईबरोबर फिरण्यासाठी. आणि सगळ्या यादीची बेरीज स्कूटरच्या अर्ध्या किमतीच्या वर गेली, तर बेरीज बाजूला ठेवून पुढच्या दिवाळीला थोडी बरी, तयार स्कूटरच घ्या. सुटे भाग नेहमी महाग पडतात.

तो ३४.९ चा बार अजून आमच्या बाल्कनीत आहे. कुणाचा फोर्क आणि क्लॅम्प ओव्हरसाइजचा असेल तर फुकट घेऊन जा. सध्या त्याच्यावर तोंडलीचा वेल चढलाय, एवढा बहर संपू द्या.