बेळगावात समुद्र कुठंय?

मत्स्यपालन शिकून नेमकं काय करता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शहापुरातल्या कुठल्याही लग्नात एक तरी मावशी विचारतेच, "मत्स्यपालन शिकून काय करायलीस गं? बेळगावात समुद्र कुठंय?" मागोमाग काका, "हिडकलच्या डॅमात सोडतात तेच की!"

काकांचं अगदीच चूक नाही. रोहू-कटला तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांची पिल्लं, म्हणजे बीज, बाहेरून आणून सोडावी लागतात. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा (मेंदूखालच्या संप्रेरक-ग्रंथीचा) अर्क टोचून रोहू-कटलाच्या कार्प जातीतल्या माशांना अंडी घालायला लावलं, तेव्हापासून नदीतून बीज धरून आणण्यावर अवलंबून राहणं सुटत गेलं. मी शिकले मंगळुरात. देशातलं पहिलं मत्स्य महाविद्यालय, १९६९ चं. तिथं मी खाऱ्या पाण्याकडं वळले.

गप्पी, गोल्डफिश असले काचपेटीतले मासे बहुतेक पैदाशीचेच. समुद्री मासे मात्र अजून बहुतांश प्रवाळातून धरलेले. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडं सायनाइड फवारून त्यांना गुंगी आणायची पद्धत होती. मासा पेटीत जातो, शेजारचं प्रवाळ मरतं. म्हणजे दिवाणखान्यातली पेटी समुद्राला भारी पडते.

क्लाउनफिश हा पट्ट्यापट्ट्यांचा समुद्री मासा मात्र हॅचरीत, म्हणजे पैदासकेंद्रात, वाढवता येतो. मादी अंडी चिकटवून मोकळी होते, नर दिवसरात्र परांनी त्यांना वारा घालतो. सुरुवातीला नारिंगी असलेली अंडी पुढं चंदेरी दिसतात, कारण आत डोळे तयार झालेले असतात. आठवड्याभरात, दिवे मालवल्यावर, पिल्लं बाहेर पडतात. खरी परीक्षा तिथून. त्यांच्या तोंडात मावेल असं अन्न म्हणजे रोटिफर हा पाण्यातला सूक्ष्म जीव, आणि रोटिफरला लागतं हिरवं शेवाळ. माझा निम्मा अभ्यास हे शेवाळ वाढवण्यात गेला, मासे नंतर. एका रात्री वीज गेली, हवेचा पंप थांबला आणि सकाळी तळाशी पांढरट साका उरला होता. रडले होते, खोटं कशाला बोलू.

पण पैदास केली म्हणजे समुद्र वाचला, असं मी म्हणणार नाही. कोळंबीच्या तळ्यांसाठी खारफुटी तोडली गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला किनाऱ्यावरच्या कोळंबीशेतीत हात घालावा लागला. शिवाय पाळलेल्या माशाचं खाद्य म्हणून तारलीची पूड करायची, ती तारली समुद्रातलीच. शेतीचा मासा वाढवताना समुद्रच खाऊन संपवायचा, यात कसलं संवर्धन? म्हणून मी आधी खाद्य विचारते, मग मासा.

राहिला मावशींचा प्रश्न. क्लोरीन घालवलेल्या नळाच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम काचपेटीसाठीचं समुद्री मीठ घातलं की बेळगावातही समुद्र होतो. कॅम्पातल्या एका दुकानात परवा तसली पेटी दिसली. क्लाउनफिश कुठनं आणला विचारलं, तर दुकानदार अभिमानानं म्हणाला, "डायरेक्ट समुद्रातनं, मॅडम. ओरिजिनल."

मी काचेवर बोट टेकवलं. मासा दगडाआड दबकला. हॅचरीतला असता तर खायला मिळेल म्हणून वर आला असता.