भंडारा कुठं गेला?

“ह्यांनी मूठ उधळलीया, हात दिसतोय. मग भंडारा कुठं गेला रं बाळा?”

मावशींनी टीव्हीकडं बोट दाखवून विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. या गोष्टीला तीन आठवडे झाले, अजून ते डोक्यातून जात नाही.

निपाणीत माझं दुकान आहे. सीझनला लग्नाचं शूटिंग, बाकीचं वर्ष जुन्या कॅसेटी संगणकावर घेण्याचं काम. मावशींची कॅसेट मिनी-डीव्हीची, ६० मिनिटांची. चिक्कोडीच्या एका फोटोग्राफरनं वीसेक वर्षांपूर्वी काढलेली, त्यामुळं वरची चिठ्ठी कन्नडमध्ये. आत अप्पाचीवाडीची हालसिद्धनाथाची यात्रा: पालखी, ढोल आणि रात्रीची भाकणूक, म्हणजे पुढच्या काळाचं भाकीत. मावशींचे मालक त्यानंतर दोन वर्षांनी गेले. कॅसेटमध्ये त्यांचं तोंड कुठंच नाही. पालखीच्या वेळी डावीकडून एक हात चौकटीत येतो, मनगटात तांब्याचं कडं, आणि मूठभर भंडारा पालखीवर उधळतो. तो हात त्यांचा. हालत्या चित्रात त्यांचं एवढंच उरलंय.

नातू लष्करात, ठाण्यावर रेंज जेमतेम. त्यानं फोनवर सांगितलं होतं, “दादा, सगळी कॅसेट चारशे एमबीच्या आत बसवा. त्याच्यावर इथं उतरतच नाही.” घरच्या टीव्हीसाठी पेनड्राइव्ह वेगळा.

लोकांना वाटतं कॅसेट पेनड्राइव्हवर घेणं म्हणजे झेरॉक्स. ‘पाच मिनिटांचं काम, त्याचे एवढे पैसे?’ हे मी आठवड्यातून दोनदा ऐकतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो. कॅमेऱ्यातून कॅसेट संगणकावर घेणारं फायरवायरचं कार्ड चालावं म्हणून एक जुना संगणक मी जिवापाड जपलाय. उतरलेली फाईल होते सुमारे १३ जीबी, आवाजासकट सेकंदाला जवळपास २९ मेगाबिट. चारशे एमबीत एक तास बसवायचा तर सेकंदाला मिळतात जेमतेम ९०० किलोबिट, आवाजासकट. म्हणजे एकतीस-बत्तीस भाग टाकून एक भाग ठेवायचा. कुठला ठेवायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअरनं काय ठरवायचं हे मी.

त्याआधी फील्डचं काम. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी, पण प्रत्येक चौकटीत दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. एका क्षणाच्या ओळी म्हणजे एक फील्ड. म्हणजे क्षण ५०. त्या तशाच सोडल्या तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. एका लॅबनं करून दिलेल्या अशा दातेरी फायली घेऊन माझ्याकडं किती गिऱ्हाइकं आली असतील, त्यांचं ऐकून घेताना राग येतो. डीव्हीत खालच्या ओळीचं फील्ड आधी येतं. तो क्रम उलटा लागला तर माणूस एक पाऊल पुढं, एक मागं असा थरथरत चालतो. मी बीडब्ल्यूडिफ फिल्टर लावून सगळे ५० क्षण वेगळे काढतो. बरेच जण २५ वर भागवतात. फाईल लहान होते, पण ढोलाची टिपरी तुटक दिसते.

माझ्याकडं काम करणारा पोरगा हुशार आहे, पण त्याचा सगळा जीव ग्राफिक्स कार्डावर. कार्डावरचा एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारी यंत्रणा, तासाची फाईल काही मिनिटांत दाबतो. लग्नाच्या ट्रेलरला मीही तोच वापरतो. पण आकार इतका लहान हवा असला, की त्याच आकारात एक्स२६५ हा सॉफ्टवेअरचा एन्कोडर सावकाश चालवून जे चित्र मिळतं, ते कार्डावर मिळत नाही. त्यानं करून दाखवलं तेव्हा पालखीच्या त्या ४१ सेकंदांच्या तुकड्यात भंडाऱ्याच्या जागी पिवळ्या फरशा बसवल्यासारखे चौकोन आले होते. उडता भंडारा हे एन्कोडरपुढचं सगळ्यात अवघड चित्र. मागच्या चौकटीतला कुठला तुकडा कुठं सरकला, हे शोधून तो जागा वाचवतो. भंडाऱ्याचा एक कण दुसऱ्यासारखा नसतो आणि पुढच्या चौकटीत तो तिथं नसतोच.

म्हणून मी माझी नेहमीची सेटिंग लावली. हॅन्डब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या कॅसेटींसाठी मी एक प्रीसेट, म्हणजे ठरलेल्या सेटिंगचा संच, जपून ठेवलेला होता: एक्स२६५, १० बिट, स्लो, आणि त्यात एनएलमीन्स हा खरखर काढणारा डिनॉइज फिल्टर, मध्यम. कॅसेटीत अंधाराच्या जागी जी मुंग्यांसारखी खरखर असते, ती एन्कोडर इमानदारीनं जपत बसतो आणि निम्मी जागा तिथंच संपते. फिल्टर लावला की चित्र स्वच्छ आणि फाईल हलकी. या प्रीसेटचा मला अभिमान होता. रात्री काम लावलं, एमकेव्ही या फाईल-प्रकारात. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, आणि एमपी४ फाईल अर्ध्यात तुटली तर उघडत नाही, कारण तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. एमकेव्ही तुटली तरी झालं तेवढं दिसतं. सकाळी ३८० एमबी. चित्र मुळाशी किती जुळतं याचे शंभरपैकी गुण देणारं व्हीमॅफ हे मोजमाप लावलं, सरासरी ९३ आली. मी खूश होऊन पेनड्राइव्ह भरला आणि मावशींच्या घरी स्वतः गेलो.

आणि तिथं हात उघडला, बोटं पसरली, पण मुठीतून काही निघालंच नाही. हवेत नुसती पिवळट सावली हलली आणि पालखीवर विरली.

दुकानात येऊन मूळ फाईल त्या जागी थांबवली. भंडारा होता. कण न् कण होता. एनएलमीन्स आसपास आणि शेजारच्या चौकटींत एकसारखे तुकडे शोधतो आणि त्यांची सरासरी काढतो. जे पुन्हापुन्हा सापडतं ते चित्र, जे एकदाच दिसतं ते खरखर, हा त्याचा हिशोब. त्या हिशोबात मावशींच्या मालकांची मूठ खरखर ठरली. फिल्टरची चूक नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. सांगितलं मी होतं, आणि ती ४१ सेकंदं शेजारी मूळ फाईल लावून मी पाहिली नव्हती. तासाभराच्या सरासरीत ४१ सेकंद बुडून जातात. चौकटवार आकडे काढले तेव्हा तिथला खड्डा लगेच दिसला.

त्या रात्री पोरगा म्हणाला, “दादा, एव्ही१ वापरूया, त्यात ग्रेन परत घालता येतं.” खरं आहे. २०१८ साली आलेल्या त्या फॉरमॅटमध्ये मूळचे दाणे काढून टाकायचे, त्यांची नुसती जात लिहून ठेवायची आणि दाखवताना तसेच नवे दाणे संगणकानं पसरायचे, अशी सोय आहे. कॅसेटच्या खरखरीला ती चांगली. पण मला ते करवेना. पडद्यावर सगळीकडं कण दिसले असते, फक्त ते त्या हातातून सुटलेले नसते. मी नाही म्हणालो, आणि त्याला कारण समजावायला मला बराच वेळ लागला.

मग हॅन्डब्रेक बाजूला ठेवलं. त्यात फिल्टर लावला की अख्ख्या फायलीला लागतो. एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो ठरावीक वेळेपुरता चालवता येतो. भाकणुकीच्या वेळी कॅमेरा एका जागी, माणसं गप्प बसलेली, आजूबाजूला अंधार. तिथं हलका डिनॉइज ठेवला आणि तिथून जागा वाचवली. पालखीला फिल्टर नाही. एसएओ हा गुळगुळीत करणारा टप्पा बंद केला. आकार ठरलेला म्हणून सीआरएफ, म्हणजे दर्जा धरून आकार मोकळा सोडणारी पद्धत, सोडून दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग घेतलं: पहिल्या फेरीत एन्कोडर फक्त पाहतो कुठं किती लागेल, दुसऱ्या फेरीत वाटतो. वर झोन नावाच्या सोयीनं त्या ४१ सेकंदांना जास्तीचा वाटा लिहून दिला. चार रात्री गेल्या, त्यातली एक लाईटनं खाल्ली. शेवटची फाईल ३९६ एमबी. भंडारा मूळ कॅसेटइतका नाही, पण आहे. हातातून निघतो आणि पालखीवर पडतो.  घरच्या टीव्हीसाठी एक्स२६४ या जुन्या एन्कोडरवर वेगळी फाईल केली, तिथं आकाराचं बंधन नव्हतं. ती ४१ सेकंदं तेवढी वेगळी, सीआरएफ १४ वर काढून दिली; हा आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं.

मावशींनी तेवढाच तुकडा चार वेळा लावायला सांगितला. चौथ्या वेळी त्या उठून टीव्हीजवळ गेल्या आणि कड्यावर बोट टेकवलं. मी पैसे घेतले नाहीत. तरी निघताना त्यांनी जबरदस्तीनं दोन किलो शेंगा पिशवीत घातल्या.

पण माझं काम तिथं संपलेलं नाही. तो प्रीसेट मी २०१९ पासून वापरतोय. वहीत मोजलं तर त्यावर काढलेल्या कॅसेटी दोनशेच्या वर भरतात. कितीतरी हळदी, सौंदत्तीच्या यात्रा, लग्नातल्या अक्षता. अक्षताही एकदाच उडतात. डिस्कवर जागा हवी म्हणून १३-१३ जीबीच्या मूळ फायली मी सहा महिन्यांनी पुसत आलो, आणि कॅसेटी गिऱ्हाइकांना परत दिल्या. त्यातल्या किती जणांनी ‘आता पेनड्राइव्ह आहे की’ म्हणून त्या टाकून दिल्या असतील, कुणास ठाऊक. एकानंही तक्रार केलेली नाही, आणि तेच जास्त लागतं. काय गेलं हे मावशींना आठवत होतं म्हणून कळलं.

वहीतल्या पहिल्या पानापासून फोन करायला सुरुवात केलीय. आजवर अकरा झाले. चौघांकडं कॅसेट आहे, दोघांकडच्या बुरशीनं गेल्या, बाकीच्यांना आठवत नाही. उद्या यमगर्णीच्या एका घरी जायचं आहे, त्यांची कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेत असेल म्हणालेत.