कामेले! कामेले!

सोमवार, रात्री साडेदहा. कोलोन, जर्मनी.

घसा पार बसलाय. आईला फोनवर वाटलं, मला सर्दी झाली. सर्दी नाही गं, दिवसभर रस्त्यावर उभी राहून अनोळखी माणसांकडे चॉकलेटं मागत होते, असं सांगितलं तर पलीकडे जरा वेळ शांतताच.

आज रोझेनमोन्टाग. ईस्टरच्या आधीचे उपवास परवा, राखेच्या बुधवारी सुरू होतील. त्याआधी पोटभर दंगा करून घ्यायचा, तो हा सोमवार. तसा इथला कार्निव्हल 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनीच सुरू होतो, पण शहराला खरं वेड लागतं ते गेल्या गुरुवारपासून, बायका कात्र्या घेऊन पुरुषांचे टाय कापत फिरतात तेव्हापासून. आणि आजची मिरवणूक म्हणजे कळस. पहिली 1823 साली निघाली होती.

साध्या कोटात आलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे मधमाशा, चाचे, नन, गाजरं. कपडे सोंगाचे, पण आत लोकरीचे तीन थर. फेब्रुवारीतली थंडी कुणाच्या सोंगाला भीक घालत नाही. मी फक्त नाकावर लाल गोळा लावून गेले होते. शेजारी विदूषक झालेल्या एक आजी उभ्या होत्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि 'चालेल' अशा अर्थाची मान हलवली.

‘झोख क्युट!’ अशी आरोळी आली. इथल्या बोलीत, मिरवणूक आली. बँड, घोडे, मग लाल-पांढऱ्या गणवेशातले ‘रोटे फुंकन’. जुन्या काळच्या शहर-शिपायांची ही नक्कल. खांद्यावर लाकडी बंदुका, नळीत फुलं, आणि नाच कसला, तर पाठीला पाठ लावून एकमेकांवर ढुंगणं घासायची! 1815 पासून हे शहर प्रशियाच्या ताब्यात होतं, कवायती शिस्तीचं राज्य. त्या राज्यात भर रस्त्यात हा प्रकार काढणाऱ्यांना मानलं पाहिजे.

मी आपली कौतुकाने टाळ्या वाजवत होते. शेजारचे सगळे मात्र पिशव्या भरत होते, माझ्या वाट्याला एक लिमलेटची गोळी. शेवटी आजींना राहवलं नाही. "नुसती बघू नकोस, ओरड!" म्हणाल्या. कामेले म्हणजे गोळ्या-चॉकलेटं, आणि ती मागावी लागतात. मिरवणुकीतल्या गाडीवरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, हात वर करायचा आणि ‘कामेले!’ अशी बोंब ठोकायची. गाडीला अगदी चिकटून उभं राहायचं नाही, वरून फेकलेलं सगळं डोक्यावरून मागे जातं.

आता, कुणाच्या घरी गेल्यावर काही मागायचं नाही, समोर आलं तरी आधी ‘नको, नको’ म्हणायचं, यात आमचं बालपण गेलेलं. पहिली हाक घशातच अडकली. दुसरी जेमतेम ओठांपर्यंत आली. मग एका उंच गाडीवरच्या मिशीवाल्याने माझ्याकडे बघून कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून. मी अशी ओरडले की पुढचा गाजर दचकून वळला. चॉकलेटचा अख्खा डबा आला, थेट कपाळावर. टेंगूळ अजून दुखतंय. मजा म्हणजे, आपण ओरडलो की वरच्यांनाही चेव येतो. गप्प घोळक्यासमोरून गाडी जाते तेव्हा वरची माणसंही मूठ आखडतात, हे मी नंतर मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं.

छत्री उलटी धरणारे मात्र मला आवडले नाहीत. मागच्यांना काही दिसत नाही, आणि झेलण्यातली गंमतही जाते. चालत जाणारे लोक छोटे गुच्छ हातात देतात, बदल्यात गालावर पापी घेतात. मला तीन गुच्छ मिळाले (पाप्यांचा हिशोब रोजनिशीत नको). गाड्यांच्या चाकांशी काही माणसं सतत चालत असतात, त्यांना गाडीचे देवदूत म्हणतात. खाली पडलेल्या गोळीसाठी पोरं चाकाखाली धावतात, त्यांना हे मागे सारतात. दिवसभर ओरडण्याचा हक्क सगळ्यांना, यांना तेवढी फुरसत नाही.

राजकारण्यांचे अजस्र लगद्याचे पुतळे गेले, त्यांना यथेच्छ हसून झालं. पण हा सण जगाकडे पाठ फिरवून होत नाही. 1991 मध्ये आखाती युद्धामुळे अधिकृत मिरवणूक रद्द झाली. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तो नेमका टाय कापण्याचा गुरुवार. त्या सोमवारी मिरवणुकीऐवजी शांतता मोर्चा निघाला आणि त्यात अडीच लाख लोक चालले. आजीही होत्या. त्या दिवशी कुणी काही फेकलं नाही, म्हणाल्या.

शेवटी कार्निव्हलचे तीन मानकरी: शेतकरी, कुमारी आणि सगळ्यात मागे राजपुत्र. कुमारीही दाढी-मिशा सफाचट केलेला पुरुषच असतो. 1938 आणि 1939 मध्ये नाझींनी तिथे बाई उभी करायला लावली होती. पुरुषाने बाईचं सोंग घेतलेलं त्यांना खपलं नाही. राजपुत्राची गाडी दिसली तेव्हा तीन-चार तास उलटले होते, हे पायांनी सांगितलं. त्याच्या पाठोपाठ सफाईच्या गाड्या.

उद्या रात्री नुब्बेल जाळतील. दारूच्या गुत्त्यांवर टांगलेला पेंढ्याचा बुवा. पैसे कुणी उडवले? नुब्बेलने! रात्र-रात्र जागवल्या कुणी? नुब्बेलने! लोक असे सगळे आरोप ठेवून त्याला पेटवतात. आजींनी पत्ता दिलाय, साडेअकराला या म्हणाल्या. तोवर मीठ-पाण्याच्या गुळण्या करून घसा सुटायला हवा.