पांढऱ्या फरशीवरची रेघ

आमच्या घरातला कुठलाही कप उलटा करून पाहा, बुडाशी रेघा सापडतील. लाल, पिवळसर तपकिरी, एक-दोन काळपट. पाहुणे यायचे असले की कुणीतरी कप घासायला घेतं आणि घासता घासता माझ्याकडे एक कटाक्ष टाकतं. गुन्हा माझाच असतो. कपाच्या बुडाची ती गोल कड झिलई न चढवता तशीच ठेवलेली असते, कोरी आणि खरखरीत. खनिजाचा कस घ्यायला, म्हणजे ते ओढून त्याच्या भुकटीची रेघ कुठल्या रंगाची येते ते पाहायला, याहून सोयीची जागा मला घरात सापडलेली नाही. त्यासाठी खास पांढऱ्या फरशीचे तुकडे मिळतात, माझ्याकडे आहेतही. पण ते हवे तेव्हा सापडत नाहीत. कप सापडतात.

मला खनिजं गोळा करायचा नाद आहे. लोकांच्या भाषेत, दगड. मराठीने दगडाबद्दल फारसं बरं कधी म्हटलेलं नाही. ज्याला काही कळत नाही तो दगड, कपाळावर मारायचा तो दगड, स्वतःच्या पायावर पाडून घ्यायचा तो धोंडा. मात्र एखादी गोष्ट अगदी पक्की आहे असं सांगायची वेळ आली की ती काळ्या दगडावरची रेघ होते. आमच्या नादात एवढाच फरक, की रेघ दगडावर ओढायची नसते, दगडाने ओढायची असते. बाकी भरवसा तोच.

काळाभोर, आरशासारखा चकचकीत हेमॅटाइट हातात घ्या. लोखंडाचं ऑक्साइड. त्याच्या अंगावर लाल रंगाचा मागमूसही नसतो. तो कपाच्या बुडावर ओढला की रेघ उमटते ती वाळलेल्या रक्ताच्या रंगाची. त्याचं नाव ग्रीक भाषेतल्या रक्तावरूनच आलेलं आहे. मग पायराइट घ्या, पितळेसारखा पिवळा, पाहणाऱ्याला सोन्याची आठवण करून देणारा. त्याची रेघ हिरवट काळी. सोन्याची मात्र सोनेरीच येते, म्हणून तर सराफाची कसोटी चालते. मोठ्या तुकड्याच्या चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश नुसता परततो. भुकटीचे कण इतके बारीक असतात की तो त्यांच्यातून आरपार जाऊन येतो आणि आतला रंग घेऊन येतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ हा कपाइतकाच किंवा थोडा जास्तच कठीण. तो ओढला की पांढरी रेघ दिसते खरी, पण ती कपाची भुकटी असते. मी सुरुवातीला कित्येक दगडांचा कस म्हणून कपाचाच कस लिहून ठेवला होता.

नवशिक्या माणूस रंगावर जातो आणि तिथेच फसतो. क्वार्ट्झ जांभळा असला की ॲमेथिस्ट, पिवळा असला की सिट्रिन, शिवाय गुलाबी, धुरकट, पाण्यासारखा स्वच्छ, सगळे एकच. माणिक आणि नीलम हे दोघे सख्खे भाऊ, दोघेही कुरुविंद या एकाच खनिजाचे. एकात जरासं क्रोमियम, दुसऱ्यात जरासं लोखंड आणि टायटॅनियम, एवढाच काय तो फरक. उलट बाजूने, ब्रिटनच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्स’चा माणिक हा माणिक नाहीच, तो स्पिनेल, म्हणजे वेगळंच खनिज. राजेलोक फसतात, तिथे आपली काय कथा.

माझी पहिली फसगत निळसर हिरवी होती. बोटाच्या पेराएवढा स्फटिक, सहा बाजूंचा, पेन्सिलीसारखा, टोकाशी मोडलेला. पुस्तकातलं चित्र आणि तो शेजारी शेजारी ठेवले आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पन्ना’. तीन दिवस मी मोठ्या तोऱ्यात होते. चौथ्या दिवशी चाकूचं टोक लावून पाहायची बुद्धी झाली. कठिनता एक ते दहा अशी मोजतात. पन्न्याची साडेसातच्या वर, चाकूच्या पात्याची साडेपाचच्या आसपास. पात्याने त्याचं काही वाकडं होता कामा नये. पण इथे ओरखडा पडला. तोही सगळ्यात सुंदर बाजूवर, कारण चाचणी मागच्या कोपऱ्यात करायची असते हे मला ती करून झाल्यावर कळलं. ‘पन्ना’वर काट मारली आणि खाली ‘फ्लोराइट’ लिहिलं. फ्लोराइट हिरवा असतो, मऊ असतो, जमलं! पण फ्लोराइट वाढतो तो बहुतेक चौकोनी ठोकळ्यांत, सहा बाजूंच्या खांबांत नाही. शिवाय माझ्या खड्याने फ्लोराइटवर ओरखडा काढला. म्हणजे चारपेक्षा कठीण, साडेपाचपेक्षा मऊ आणि सहा बाजूंचा. दुसरी काट. आता चिठ्ठीवर जे नाव आहे ते ॲपेटाइट. 1786 मध्ये वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने ते ग्रीक भाषेतल्या ‘फसवणे’ या क्रियापदावरून ठेवलं, कारण लोक त्याला सतत दुसरंच काहीतरी समजत. मला जरा बरं वाटलं.

फसलेल्यांनी आपली चीड नावांत ठेवून दिलेली आहे, हे मग लक्षात येत गेलं. जस्ताचं मुख्य खनिज स्फॅलेराइट, म्हणजे दगाबाज. खाणीतल्या लोकांना ते शिशाच्या खनिजासारखं दिसे आणि त्यातून शिसं निघत नसे. कोबाल्टचं नाव जर्मन खाणीतल्या ‘कोबोल्ड’ नावाच्या खोडकर पिशाच्चावरून पडलं, निकेलचंही तसंच. तांब्यासारखा दिसणारा दगड भट्टीत घातला की तांबं नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. पिशाच्चाखेरीज कोण करणार हे? यात सगळ्यात महागात पडली ती मार्टिन फ्रोबिशरची हौस. सोनं समजून 1578 पर्यंत त्याने कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावरून जहाजं भरभरून हजार टनांहून अधिक दगड इंग्लंडला आणले. त्यातला काही शेवटी रस्त्याच्या खडीत गेला, काही भिंतीत. मी तर नुसतं एक नाव चुकले होते.

दगडापेक्षा वीट मऊ हे आपण फार पूर्वी ठरवलं, पण कुठला दगड कुठल्या दगडापेक्षा मऊ हे नीट मांडलं फ्रिड्रिख मोस याने, 1812 मध्ये. सगळ्यात खाली संगजिरं, वर जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, फेल्डस्पार, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद आणि दहाव्या पायरीवर हिरा. नखाची कठिनता अडीच, म्हणजे जिप्समवर नखाने आपलं नाव कोरता येतं. गंमत अशी की या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नववी आणि दहावी यांच्यातलं अंतर खालच्या साऱ्या पायऱ्यांच्या बेरजेपेक्षा मोठं आहे. तरीही हिऱ्यावर हातोडा घातला तर तो फुटतो. कठीण असणं वेगळं, चिवट असणं वेगळं. माझी भाची काचेवर ओरखडा पाडणारा प्रत्येक दगड घेऊन येते आणि विचारते, “मावशी, हिरा?” काचेवर ओरखडा क्वार्ट्झही पाडतो, फेल्डस्पारही पाडतो, आणि पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग फेल्डस्पारचाच आहे. पण हे तिला सांगायचं कुणी? मी म्हणते, “बघू या,” आणि कप उलटा करते.

सगळ्यात शहाणी चाचणी मला वजनाची वाटते, कारण तिच्यात दगडाला इजा होत नाही. एक पांढरा, काचेसारख्या चमकेचा तुकडा होता. कॅल्साइटच वाटत होता, पण व्हिनेगर टाकून पाहिलं तर बुडबुडा नाही. आणि हातात घेतला की हात खाली जायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, 90 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा. काटा म्हणाला, 20. दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. 90 भागिले 20, साडेचार. म्हणजे पाण्याच्या साडेचार पट जड. कॅल्साइट पाण्याच्या 2.7 पटच असतो. हा बराइट होता, आणि ‘बराइट’चा अर्थच मुळी जड. आर्किमिडीजला यासाठी न्हाणीघरातून धावत सुटावं लागलं म्हणतात, माझं दोऱ्यावर भागलं. दोरा धरलेला हात थरथरला की आकडाही थरथरतो, तेवढा वेळ मात्र श्वास रोखायचा.

धुण्याबद्दल मी फार बोलणार नाही. एकदा सगळे नमुने एकत्र टबात भिजत घातले होते, तासाभराने मोजले तर एक कमी. तो हॅलाइट होता, म्हणजे मीठ. त्यानंतर ॲमेथिस्ट खिडकीत ठेवून त्याचा जांभळा रंग उन्हाने पुसट केला, तेही झालं. ज्या दगडात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आहे त्याला हात लावल्यावर हात धुवायचे, तंतूतंतूंचा दगड खरवडायचा नाही, आणि परवानगीशिवाय कुणाच्या खाणीत शिरायचं नाही. इतकं पाळलं की झालं.

चिठ्ठीबद्दल मात्र बोलायला हवं. जाणते लोक नमुना बघायच्या आधी चिठ्ठी बघतात. कुठल्या खाणीतून, कुठल्या डोंगरातून, कुठल्या साली. नाव चुकलेलं असेल तर ते पुन्हा शोधता येतं, दगड सांगतो. जागा दगड सांगत नाही. जागा हरवलेला नमुना कितीही देखणा असला तरी शोभेचा दगड होऊन बसतो. जुन्या मालकाची चिठ्ठीही फेकायची नसते. तिच्यावरचं नाव चुकीचं असलं तरी नवी चिठ्ठी तिच्या शेजारी ठेवायची. माझा एक पायराइट दमट कपाटात आजारी पडला. पायराइटमध्ये लोखंड आणि गंधक. हवा आणि ओल लागली की त्याचं हळूहळू लोहसल्फेट आणि गंधकाम्ल होतं. वर पांढरी पिवळी पूड धरते, तडे जातात, आंबूस वास येतो. खोका उघडला तेव्हा दगड निम्मा उरला होता. चिठ्ठी आम्लाने खाल्ली होती, आणि खाल्ली होती ती नेमकी जागेची ओळ. ‘पायराइट’ एवढंच शाबूत. तेवढं तर मला कळतच होतं.

परवा एक नवा तुकडा हाती आला. तपकिरी ठोकळा, फाशाएवढा, कडा धारदार. भिंगाखाली धरला तर प्रत्येक बाजूवर बारीक समांतर रेघोट्या, आणि शेजारच्या बाजूवर त्या काटकोनात वळलेल्या. ही ठेवण पायराइटची, डोळे झाकून सांगावं अशी. फक्त पिवळेपणा कुठेच नाही. कप उलटा केला. हिरवट काळी रेघ यायला हवी होती, आली पिवळसर तपकिरी. ही रेघ गोएथाइटची. 1806 साली हे नाव ठेवलं ते कवी ग्योथेवरून. त्याच्या स्वतःच्या संग्रहात सुमारे 18 हजार नमुने होते, म्हणजे नाद किती वाढू शकतो ते बघा. झालं असं, की जमिनीत पडल्या पडल्या पायराइटमधलं गंधक पाण्याबरोबर निघून गेलं, लोखंडाने जागच्या जागी ऑक्सिजन आणि पाणी धरलं, आणि हे इतक्या सावकाश की अंगावरची एक रेघोटीही मोडली नाही. तज्ज्ञ याला स्यूडोमॉर्फ म्हणतात, म्हणजे खोटं रूप.

नवी चिठ्ठी कापली. आधी जागा लिहिली, मग साल. नावाच्या ओळीवर पेन्सिल थांबली. रेघ म्हणते गोएथाइट, आकार म्हणतो पायराइट, आणि काट मारावी असं दोघांत एकही नाही. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं, ‘गोएथाइट, पायराइटच्या अंगरख्यात.’ चिठ्ठी पुरली नाही. उरलेली दोन अक्षरं मागच्या बाजूला गेली आहेत.