तुम्ही विचारलंत म्हणून: हात का नाही उचलला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नाहीतर लिहिणार नव्हतो.

प्रश्न एकच, तोंडं वेगळी. कटिंगवाला गालावर वस्तरा ठेवून विचारतो, "सर, तुम्ही ब्लॅक बेल्ट ना? मग त्या दिवशी हात का नाही उचलला?" साडूच्या वास्तुशांतीला पंगतीत बुंदी वाढणारा पोरगा विचारतो. कॉलेजात प्रयोगशाळेत ब्यूरेट धुताना शिपाई विचारतो. माझ्या कराटे क्लासच्या पोरांचे आईबाप विचारत नाहीत. ते फक्त फी द्यायला उशीर करायलेत.

तो तेवीस सेकंदांचा व्हिडिओ न पाहिलेला माणूस मला नांदेडात अजून भेटायचाय, म्हणून पाल्हाळ लावत नाही. तरोडा नाका, संध्याकाळ, माझी स्कूटी, त्याची पांढरी गाडी, दाराला ओरखडा, मला दोन थापडा.

दोन वर्षं माझं उत्तर तयार होतं. गिचिन फुनाकोशी. ओकिनावा बेटावरचा हा शाळामास्तर, जन्म १८६८चा. १९२२ साली प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेला आणि तिकडचाच झाला. 'कराटे'तला 'करा' आधी 'चीन' या अर्थाच्या अक्षरानं लिहायचे. त्यानं तिथं 'रिकामा' या अर्थाचं अक्षर रुजवलं. उच्चार तोच, अर्थ मात्र बदलला: रिकामा हात. त्याचं एक वाक्य जगभरच्या कराटेवाल्यांना पाठ असतं: कराटे नी सेन्ते नाशी. कराटेत पहिला वार नाही. हे म्हटलं की लोक गप्प बसायचे. परदेशी नाव घेतलं की आपल्याकडं अर्धा वाद तसाही मिटतो.

क्लासमध्ये पोरांना मी फुनाकोशींच्या आत्मचरित्रातली एक गोष्ट दरवर्षी सांगायचो. तरुणपणी ते सासरच्या देव्हाऱ्यापुढं ठेवायला मिठाई घेऊन निघाले होते. वाटेत दोघांनी अडवलं. मारामारी करून दोघांनाही लोळवलं असतं, पण त्यांनी मिठाई देऊन टाकली आणि पुढं निघाले. गुरूंना कळलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली. पोरांना ही गोष्ट फार आवडत नाही, त्यांना लोळवलेलं पाहिजे असतं. पण मला आवडायची.

त्याच आत्मचरित्रातली दुसरी गोष्ट मी कधीच सांगितली नाही. युद्ध संपलेलं, फुनाकोशी ऐंशीच्या आसपासचे, रात्री घरी चाललेले. एक तरुण लुटायला आला. म्हाताऱ्यानं वार चुकवला आणि त्याला जांघेत, नको तिथं, असं धरलं की तो हलूच शकेना. गस्तीचा पोलीस आला, त्याच्या हवाली केलं. आणि मग फुनाकोशींना स्वतःची लाज वाटली. तो पोरगा बहुतेक लढाईवरून परतलेला, बेकार, पोटासाठी आलेला असणार. शिष्यांना आयुष्यभर जे करू नका म्हणून सांगितलं, तेच आपण केलं, असं त्यांना वाटलं. म्हणजे ज्या माणसाच्या वाक्यामागं मी दोन वर्षं लपलो, त्याचाही हात एकदा उठला होता. त्याला उठल्याची लाज वाटली, मला न उठल्याची. यातली कुठली लाज बरी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता सिनेमाचं. कारण तुमचा प्रश्न तिथूनच येतो, माझ्याकडून तुमची अपेक्षाही तिथूनच येते. आणि खरं सांगायचं तर मी कराटेत आलोही तिथूनच. आमच्या लहानपणी व्हीसीआर भाड्यानं आणून एका खोलीत पन्नास पोरं कोंबायचे. ब्रूस ली मी असाच पाहिला, खिडकीला गोधडी लावलेल्या खोलीत. तो १९७३च्या जुलैत गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आम्ही त्याला बघितला तेव्हा जाऊन बरीच वर्षं झालेली, पण आम्हाला ते माहीत नव्हतं. १९७१च्या 'द बिग बॉस'मध्ये त्यानं आईला मारामारी न करण्याचं वचन दिलेलं असतं, गळ्यात त्याची खूण. आपल्याकडं ताईत असतो ना, तसंच. डोळ्यांदेखत आपली माणसं मार खातात आणि हा दात आवळून उभा. मग एक गुंड ते गळ्यातलं तोडतो. त्या क्षणी आमची खोली अशी ओरडली होती की बाहेरचा चहावाला आत आला.

त्या वयात मला वाटायचं, ही वचनाची गोष्ट आहे. आता वाटतं, ते वचन मोडण्यासाठीच लिहिलेलं होतं. सिनेमातला संयम म्हणजे ताणलेला रबर. जितका ताणाल तितका शेवटी फटका जोरात. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये नावेवर एक दांडगट विचारतो, तुझी पद्धत कुठली? ब्रूस ली सांगतो, न लढता लढण्याची. मग जवळच्या बेटावर जाऊन दाखवतो म्हणून त्याला छोट्या होडीत उतरवतो आणि दोर सोडून देतो. ही मूळ जपानी तलवारबहाद्दर त्सुकाहारा बोकुडेनची दंतकथा. फार गोड प्रसंग, शहाणपणाचा. पण त्याच सिनेमात पुढं हाच माणूस किती जणांच्या माना मोडतो ते मोजा. पाहणाऱ्याला माना मोडलेल्याच हव्या असतात. होडीचा प्रसंग त्यावरची तुळशीची पानं.

मी क्लासच्या भिंतीवर एक चिनी अक्षर लावलं होतं, 'वू'. युद्धकलेतला 'युद्ध' तो हा. त्याचे दोन भाग: एक भाला, दुसरा 'थांब'. भाला थांबवणं म्हणजे युद्धकला, असा अर्थ चिनी लोक फार जुन्या काळापासून सांगत आलेत. मी पालकसभेत सांगायचो, आया माना हलवायच्या. नंतर वाचलं की ते 'थांब'चं चिन्ह मुळात पावलाचं चित्र आहे. म्हणजे सुरुवातीला अर्थ होता भाला घेऊन चाल करून जाणं. थांबणं मागाहून आलं. कागद अजून भिंतीवर आहे, काढायला स्टूल लागतं.

जपानी सिनेमात मात्र एक माणूस आहे, दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५४च्या 'सेव्हन सामुराई'तला क्यूझो. तो एकाशी लाकडानं लढतो. समोरचा म्हणतो, बरोबरी झाली. क्यूझो म्हणतो, नाही, खरी तलवार असती तर तू मेला असतास. समोरच्याला ते पटत नाही, तो खऱ्या तलवारीचा हट्ट धरतो आणि मरतो. क्यूझोला स्वतःबद्दल माहीत होतं, पुरावा दुसऱ्याला पाहिजे होता. तुम्ही सगळे मला तो खऱ्या तलवारीचा डाव मागताय. आणि हाच क्यूझो शेवटी बंदुकीच्या गोळीनं मरतो. एवढी विद्या, आणि गोळी मारणाऱ्याला चापही नीट बघावा लागला नसेल.

हे सगळं मी फार छान बोलतो. आता तो दिवस.

लेक मागं बसलेली, अकरा वर्षांची, कराटेच्या ड्रेसवर, ग्रीन बेल्ट. क्लास संपवून घरी चाललो होतो. गर्दीत माझ्या स्कूटीचा आरसा त्या गाडीच्या दाराला घासला. चूक माझी होती. तो उतरला. मी स्कूटी स्टँडवर लावली आणि हेल्मेट स्वतः काढलं. चूक आपली असली की तोंड दाखवून बोलावं, असं मला वाटतं. म्हटलं, "चुकलं भाऊ, भरून देतो." त्यानं पहिली थापड मारली.

एक गोष्ट तुम्हाला सांगतो, जी व्हिडिओत दिसत नाही. मला सगळं दिसत होतं. त्याचा भार डाव्या पायावर होता, हनुवटी उघडी होती, शर्टाची गुंडी तुटलेली होती. अठरा वर्षं शिकवलेलं सगळं डोळ्यांपुढं होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. आणि हात दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. पाठीमागं लेकीनं माझ्या जॅकेटची मूठ धरलेली. ती मूठ ओढत नव्हती, ढकलतही नव्हती. नुसती होती. दुसरी थापड बसली आणि चष्मा पडला. मग मी बोललो. हॉर्नच्या आवाजात व्हिडिओत ते ऐकू येत नाही, म्हणून आज पहिल्यांदाच सांगतोय. मी म्हणालो, "माफ करा."

पेरूवाल्यानं चष्मा उचलून दिला. एक काच गेली होती. तीन किलोमीटर आम्ही दोघं काही बोललो नाही. घरी बायकोनं विचारलं, उशीर का? मी बूट काढत होतो. लेक म्हणाली, "पप्पांची गाडी घासली एका गाडीला. पैसे दिले, झालं." आणि कंबरेचा बेल्ट सोडून, शिकवल्याप्रमाणे नीट घडी करून, कपाटात ठेवला. एवढ्या तीन किलोमीटरमध्ये तिनं माझ्यासाठी खोटं तयार केलं होतं. नऊ वाजता बायकोच्या फोनवर व्हिडिओ आला.

थापडांचं मला फार काही नाही. ते वाक्य मात्र जात नाही.

लेक मागं होती म्हणून मी थांबलो, असंही मी काही जणांना सांगितलंय. ते अर्धं खरं आहे. अर्धं कुठलं ते विचारू नका. आणि मारलं असतं तर? जबडा मोडला असता, पोलीस ठाणं, वकील, नोकरीवर गदा. तुम्ही येणार होतात का माझ्या जामिनाला? कटिंगवाला तर येणार नव्हता.

पण मी फुनाकोशींचं वाक्य शेकडो वेळा म्हणून झाल्यावर एका रात्री मलाच सुचलं. कराटेत पहिला वार नाही, असं ते आहे. पहिला बचाव नाही, असं नाही. पोरांना शिकवतो तो पहिला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, हेआन शोदान, त्याची पहिलीच हालचाल गेदान बराई: डावा हात खाली झटकून आलेला वार अडवणं. सुरुवातच अडवण्यानं. मी ती हालचाल हजारो वेळा केलीय, झोपेतही करत असेन. त्या दिवशी थापड वरून येत होती, त्यालाही तोड आहे, हात वर घ्यायचा. मी पहिली अडवली नाही. बरं, पहिली अचानक आली म्हणू. दुसरी? तिला किती वेळ होता, व्हिडिओत मोजता येतं. तिथं संयम कुठून आला? न मारणं ही निवड असू शकते. हात वरच न येणं ही निवड कशी?

वजिराबादला माझा एक सरदार मित्र आहे, स्पेअर पार्टचं दुकान. त्याला मी फुनाकोशी सांगायला गेलो तर त्यानं जफरनामा सांगितला. गुरू गोविंदसिंहांनी १७०५ मध्ये औरंगजेबाला फारसीत पाठवलेलं पत्र. पाठवणाऱ्याचा शेवट १७०८ला आमच्या नांदेडात झाला, ज्याला पाठवलं त्याची कबर खुलताबादला, म्हणजे दोघंही मराठवाड्याच्याच मातीत. त्यात आहे की सगळे उपाय हरले, की तलवारीला हात घालणं हलाल आहे. मी खूश झालो. म्हटलं, बघ, आधी उपाय संपावे लागतात. तो म्हणाला, "सर, उपाय तो शुरू कां किए थे आप?"

आबांचं वेगळंच. ते लोहा तालुक्यातले, माळेगावच्या जत्रेत कुस्त्या केलेले. त्यांना कराटे म्हणजे हवेत हात मारणं. कुस्तीबद्दल विचारलं तर कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत मागं जाता येतं, तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मल्लांचा खुराक आणि मेहनत लिहिलेली आहे. आणि निलंग्याकडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिनबराहून राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. पण आबांना यातलं काही सांगायचं नसतं. पुतण्याच्या फोनवर त्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाले, "पाठ लागली की उठावं, माती झटकावी, समोरच्याला मिठी मारावी, घरी यावं. तू दोन वरीस झालं उताणाच पडून बोलायलास."

मी त्यांना म्हटलं, आबा, आखाड्यात पंच असतो. तरोडा नाक्यावर कोण असतो? ते म्हणाले, "लेकरू होतं की."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर ते माझ्याकडं नका आणू, आधीच बरीच आहेत.

क्लास चालू आहे. सात पोरं सोडून गेली, लेक गेली नाही. आता शेवटची दहा मिनिटं आम्ही एक नवाच खेळ खेळतो. बोलता बोलता, न सांगता, समोरच्यानं गालाकडं हात आणायचा आणि दुसऱ्यानं तो अडवायचा. गोलात मीही उभा राहतो. निम्म्या वेळा माझा हात वर येतो. निम्म्या वेळा येत नाही, पोरांची बोटं गालाला लागतात आणि पोरं खिदळतात. लेक हसत नाही. ती मोजते.