अक्षतांसाठी थोडे जास्त बिट

मी ज्या सॉफ्टवेअरवर लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग, म्हणजे जोडकाम करते, त्यात एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जायचे शंभरावर प्रकार आहेत. पान उलटतं, दार उघडतं, गुलाबाच्या पाकळ्या गळतात, बदामातून नवरा-नवरी बाहेर येतात. नावांच्या अक्षरांची सावली किती अंशात पडावी हे ठरवता येतं, त्या सावलीची कड किती मऊ हवी तेही. आणि हे सगळे लाड पुरवून झाल्यावर, एक्स्पोर्टच्या खिडकीत, जिथं माझ्या कामाची शेवटची फाइल तयार होणार असते, तिथं मला एकच प्रश्न विचारला जातो. लो, मीडियम की हाय?

हाय म्हणजे किती हाय? कशाचं हाय? उडप्याच्या हॉटेलातसुद्धा चहा स्पेशल की साधा एवढं विचारून पोऱ्या थांबत नाही, साखर कमी का तेही विचारतो.

सांगलीत माझं काम घरबसल्याचं. शूटिंग करणारे वेगळे. लग्नसराईत ते मेमरी कार्डं घेऊन विश्रामबागेत माझ्याकडे येतात, उन्हातून आलेले असतात म्हणून सरबत पितात, ‘ताई, जरा लवकर बघा, पार्टी मागं लागलीया’ म्हणतात आणि पुढच्या हळदीला पळतात. मग मी, कॉम्प्युटर आणि आठ-दहा तासांचं शूटिंग. त्यातून तीन तासांचं लग्न बेतायचं. जोडकामाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. बोलणं येतं ते क्लॅरिटीवरून. ‘बाकी झ्याक झालंय ओ ताई, पण अक्षता पडत्यात तिथं सगळं फुटलंय.’

फुटतं ते खरंच आहे. का फुटतं हे कळायला आधी जरा गुणाकार करावा लागतो. फुल एचडीचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, वीस लाखांवर ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट, आणि सेकंदाला २५ चित्रं. हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं म्हटलं तर सेकंदाला १५५ एमबी आणि तासाला ५६० जीबी लागतील. मी पेनड्राइव्हवर देते ती फाइल ८ एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिटच्या हिशेबानं (आठ बिटांचा एक बाइट) तासाला ३.६ जीबीची असते. म्हणजे दीडशेतला एक भाग राहिला, बाकीचा गेला. कॅमेराही आधी आपल्या परीनं दाबूनच देतो, पण शेवटची चाळणी माझ्या टेबलावर लागते. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तीन तासांच्या लग्नात कोण ठरवतं? तर ‘मीडियम’ ठरवतं.

या सोडासोडीच्या मुळाशी जे गणित आहे त्याचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. बेंगळुरूत १९४० साली जन्मलेल्या नासिर अहमद यांची ही कल्पना. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कामासाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यावरचा निबंध छापला. पुढं जेपीईजी फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी आणि २००३ साली आलेली व्हिडिओ दाबायची पद्धत एच.२६४, सगळी वंशावळ तिथूनच. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातलं ढोबळ आणि बारीक वेगळं काढायचं, आणि जागा कमी पडली की बारीक आधी सोडायचं. माणसाच्या डोळ्याला ढोबळ आधी दिसतं, तेव्हा हिशेब चोख आहे. फक्त शालूवरची जर बारकाव्यात मोडते. नवरीच्या आईनं चार दुकानं फिरून पसंत केलेली जर, आणि बिट कमी पडले की तिचाच पहिला बळी. पदरावर तपकिरी डाग उरतो. या तिघांच्या घरीही जरीच्या साड्या असणारच, पण गणिताला त्याचं काय.

हे झालं एका चित्राचं. खरी काटकसर पुढं आहे. आमच्या वहिनी रोज रात्री माहेरी फोन करतात तेव्हा अख्खं घर काही पहिल्यापासून सांगत बसत नाहीत. ‘बाकी कालच्यासारखंच, सासूबाईंचा गुडघा तेवढा दुखतोय’ एवढ्यात दिवस आटपतो. कोडेकचंही, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या प्रोग्रामचंही, असंच. मधूनमधून एक पूर्ण चित्र, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि पुढच्या चित्रांत फक्त बदललं काय आणि सरकलं काय एवढ्याची नोंद.

आता मांडवात या. अंतरपाट धरलाय. गुरुजी माइकसमोर, मामा मागं उभे, मंगलाष्टकांची एक-एक कडवी सावकाश चाललीत. कोडेकला याहून सुखाचा काळ नाही. पांढरा अंतरपाट, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक, मागची फुलांची माळ, काहीच हलत नाही. दोन-तीन एमबीपीएसमध्ये राजेशाही थाट. मग ‘सावधान’ येतं आणि चहूबाजूंनी तांदूळ उडतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला, वेगळ्या वेगानं, कॅमेऱ्याच्या दिव्यात चमकत. मागच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाज बांधायला काही म्हणजे काही उरत नाही. त्यातच अंतरपाट खाली येतो, हार वर जातात, वाजंत्री सुरू होते, करवल्या पुढं घुसतात, कोणीतरी कागदी तुकड्यांची नळकांडी फोडतो. या पाच-सात सेकंदांना पंचवीस एमबीपीएस दिले तरी जास्त होणार नाहीत. ‘मीडियम’ वरची मर्यादा ओलांडत नाही. मग नवरीच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. ज्या क्षणासाठी हॉल, आचारी, घोडा आणि शूटिंगवाला ठरवला, नेमका तोच क्षण फुटतो. आणि जेवणाच्या पंगती, ज्या कोणी पुन्हा बघत नाही, त्या मात्र काचेसारख्या स्वच्छ.

म्हणून मला बटणं हवीत. सरासरी किती आणि वरची मर्यादा किती, हे दोन वेगळे आकडे भरायला हवेत. टू-पास हवं: पहिल्या फेरीत सॉफ्टवेअरनं अख्खं लग्न नुसतं बघायचं, कुठं गर्दी आहे, कुठं निवांत आहे ते टिपायचं, आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटायचे. वेळ जवळपास दुप्पट लागतो. लागू दे की, रात्रभर मशीन चालतंच. फाइल किती मोठी होईल याची फिकीर नसेल तेव्हा सीआरएफ हवं, म्हणजे क्लॅरिटी किती हवी तेवढं सांगायचं आणि फाइल होईल तेवढी होऊ द्यायची. एच.२६४ फाइली बनवणाऱ्या एक्स२६४ नावाच्या मोफत एन्कोडरमध्ये हा आकडा ० ते ५१ असतो, काही न सांगता २३ धरला जातो. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. सहानं वाढवला की फाइल साधारण निम्मी. १८ वरची फाइल आणि मूळ कार्ड यांत माझ्या डोळ्याला फरक सापडत नाही, आणि माझा डोळा या बाबतीत खवट आहे.

कीफ्रेमच्या अंतराचं बटण तर आत्यांसाठी हवं. लग्नाची फाइल कोणी सरळ बघत नाही. ‘थांब थांब, मागं घे, माझा हार दाखव’ असंच बघतात. बऱ्याच टीव्हींवर रिमोटनं मागं गेलं की उडी कीफ्रेमवरच पडते. एक्स२६४ मध्ये हे अंतर न सांगता जास्तीत जास्त २५० फ्रेमचं असतं, म्हणजे दहा सेकंद. दहा सेकंदांत आत्या स्टेजवर येऊन, आहेर देऊन, उतरूनही जातात. मी ५० ठेवते. फाइल थोडी फुगते, पण आत्या सापडतात.

काही गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. हिरवा चुडा आणि लाल शालू शेजारी आले की कडा एकमेकांत मिसळतात, कारण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच साठवतात. टीव्हीवर चालणाऱ्या फाइलींची ती रीतच आहे, तिथं मीही हात टेकते. एच.२६५ मध्ये तीच क्लॅरिटी निम्म्याच्या आसपास जागेत बसते हे मला माहीत आहे. २०१३ पासून आहे ते. पण नवरदेवाच्या मामांचा टीव्ही त्याआधीचा निघतो, नुसता आवाज येतो, आणि मग मामा रुसतात. लग्नातला मामा रुसण्यापेक्षा फाइल मोठी झालेली परवडली. तीही किती मोठी? पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असला तर ४ जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही, आणि जुन्या टीव्हीला दुसरं काही वाचता येत नाही. म्हणून हळद एका फाइलीत, लग्न दुसरीत, वरात तिसरीत. त्यात विचारणारे विचारतातच, ‘ताई, फोरकेमध्ये द्या की.’ शूटिंग फुल एचडीत झालेलं असतं. मी हसून पेनड्राइव्ह पाकिटात घालते.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. बटण दिलं की कोणीतरी ते चुकीचं फिरवणार, फाइल चालणार नाही, आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसणार. मुलाच्या वाढदिवसाचा दोन मिनिटांचा तुकडा जोडणाऱ्या बापाला लो-मीडियम-हाय पुरे आहे, त्याला सीआरएफ दाखवून घाबरवायचं कारण नाही. पण मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असं एक बारीक बटण कोपऱ्यात ठेवायला काय हरकत आहे? दाबायचं तो दाबेल. सावलीच्या अंशांसाठी जागा निघते, मग यासाठी का नाही? मोठ्या, महागड्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं बरंचसं मिळतं हे खरं, पण ज्या मशीनवर आणि ज्या दरात गावात मिक्सिंग चालतं, तिथं ते परवडत नाही.

तोवर मी वळसा घेते. सॉफ्टवेअरमधून आधी प्रोरेस नावाच्या फॉरमॅटमध्ये खूपच कमी दाबलेली फाइल काढायची. फुल एचडीला १२२ एमबीपीएस, म्हणजे तासाला ५५ जीबी. हार्ड डिस्क कुरकुरते, पण घेते. मग ती एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रामच्या हवाली करायची, तो एक्स२६४ चालवतो. यात बटणं नसतातच, काळ्या खिडकीत ओळ टाइप करायची. पहिल्यांदा भाच्यानं ते बघितलं तेव्हा ‘मावशी, कुणाचं हॅक करतीयस?’ म्हणून दार लावून घेतलं होतं. ज्याला टाइप करायचं नाही त्याच्यासाठी हँडब्रेक आहे, तेही मोफत, आणि त्यात सीआरएफची चक्क पट्टी आहे.

पण त्या काळ्या खिडकीत एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी बाकी सगळा त्रास सोसते. एक्स२६४ मध्ये झोन सांगता येतात. अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत नेहमीच्या दुप्पट बिट द्या, असं. समजा फाइलीत लग्न एकेचाळिसाव्या मिनिटाला लागतं. एकेचाळीस मिनिटांचे सेकंद २४६०, गुणिले २५, झाली फ्रेम ६१,५००. गुरुजींनी पंचांगातून काढलेला मुहूर्त मी असा नंबरात काढते आणि तिथून पुढच्या अर्ध्या मिनिटाला दुप्पट देते. पंगतींचा झोन वेगळा, त्यांना निम्मे. श्रीखंडाला क्लॅरिटी कमी पडली म्हणून अजून कोणी परत आलेलं नाही.

नाटकांच्या रेकॉर्डिंगला तर याहून जास्त हुज्जत घालावी लागते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं नाटक उभं केलं त्या गावात हौशी मंडळींची कमी नाही, आणि हौशी मंडळींना एकच प्रकाशझोत आणि भोवती मिट्ट अंधार फार आवडतो. अंधार कोडेकला फुकटचा वाटतो. त्यात काही नाहीच असं समजून तो बिट काढून घेतो, आणि मागच्या काळ्या पडद्यावर राखाडी चौकोन नाचू लागतात. स्वगत बाजूला राहतं, प्रेक्षक चौकोन बघतो. एक्स२६४ मध्ये अंधाऱ्या भागांकडे झुकतं माप देणारा एक पर्याय आहे, एक्यू-मोड ३. तेवढ्या एका आकड्यानं पडदा पुन्हा काळा होतो. कोणत्या ‘हाय’ मध्ये हे बसवणार?

आता कऱ्हाडचा एक शूटिंगवाला कार्डं घेऊन येणार आहे. पालच्या यात्रेची आहेत, खंडोबा आणि म्हाळसा यांच्या लग्नाची. म्हणजे पुन्हा लग्नच, फक्त इथं अक्षतांच्या जोडीला भंडारा. हवेत इतकी हळद की समोरचा माणूस दिसत नाही, आणि तिचा कणन् कण हलतोय. फोनवर त्यानं विचारलं, ‘ताई, फाइल लहानच बसंल न्हवं? लोकांना स्टेटसला ठेवायचीया.’ स्टेटससाठी वेगळी देते म्हटलं. मोठीसाठी बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह आण, सोळाचा चालायचा नाही.