आमची वाटचाल : कोंबडीची आतडी, गॅस आणि मांगूर

दौंड तालुक्यात आमचा बायोगॅस प्लँट उभा राहिला तेव्हा चिकनवाले आम्हालाच उचलण्याचे पैसे देत. आतडी, मुंडकी, रक्त ओढ्यात ओतलं की गावकरी दुकानावर येत, त्यापेक्षा आम्ही स्वस्त. गॅस शेजारच्या धाब्याला, स्लरी, म्हणजे टाकीतून निघणारं पातळ खत, ऊसवाल्यांना. माळकरी शेतकरी हात लावत नसत, पण बाकीचे पुरेसे होते. चार वर्षं बरी गेली.

मग मांगूरवाले आले. उजनीच्या फुगवट्याकाठी तळी खणायची, थाई मांगूर सोडायचा आणि त्याला कोंबडीची आतडी कच्चीच टाकायची. मासा बंदीतला, पण टेम्पो दिवसाढवळ्या फिरायचे. आम्ही पैसे घेत होतो, ते किलोमागे पैसे देऊ लागले. दुकानदारांना मी दोष देत नाही, असं चारचौघांत म्हणतो. मनातून देतो.

टाकी उपाशी ठेवली की गॅस पडतो आणि गॅस साठवणारा वरचा ड्रम खाली बसतो. बँकेचा हप्ता मात्र बसत नाही. त्या काळात एकाच माणसाने माल तोडला नाही, मटणवाले चाचा. बकऱ्याच्या ओझरीतला अर्धवट पचलेला चारा ते पोत्यात भरून ठेवायचे. "शेठ, पहले तुम्हारी टाकी, मच्छी बाद में," म्हणायचे. धंद्यातल्यांना सांगायला नको, मिथेन करणारे सूक्ष्मजीव ओझरीत आयतेच असतात, विरजण म्हणा ना. त्यावर आणि गोठ्यातल्या शेणावर टाकी तगली.

२०१९ मध्ये हरित लवादाने मांगूर नष्ट करायला सांगितलं, तळ्यांवर जेसीबी चालले आणि सगळे दुकानदार परत आले. "गाडी कधी पाठवताय?" मी दर वाढवून सांगितला. चाचांचा माल आजही फुकट उचलतो.

नव्याने उतरणाऱ्यांनी एवढं ऐका. रक्त आणि चरबी एकदम ढकलू नका. रक्ताने अमोनिया चढतो, चरबीने फेस येऊन वर थर धरतो. शेण निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. हाडं टाकीत नकोत, ती वेगळी भरडा, स्फुरदासाठी (फॉस्फरस) बागायतदार मागून नेतात. गॅसच्या लाइनवर लेथवरचा गंजलेला लोखंडी कीस भरलेला डबा बसवा, नाहीतर गंधकाचा वायू बर्नर खातो. कीस काळा पडला की बाहेर काढून पातळ पसरा आणि ओलसर ठेवा. ढीग केलात तर तापून पेटतो. लाल झाला की पुन्हा भरा.

आतडी बारीक करायचा मिन्सर जुनाच आहे, हॉटेलच्या भंगारातून घेतलेला. पात्यांना धार मी स्वतः लावतो. पोरांच्या हातात दिला की पिसं गुंडाळून मोटर जळते. पिसांचं अजून जमलेलं नाही. साध्या टाकीत ती पचत नाहीत, दाबाखाली शिजवायचा कुकर लागतो. कोटेशन मागवलंय. चिकनवाल्यांना मात्र आत्ताच सांगून ठेवलंय, पिसं वेगळ्या पोत्यात द्या, त्याचे पैसे वेगळे पडतील.